इंग्रजी शिकवून घरबसल्या २५ हजार: मिळतात, पण साइटच्या भरवशावर नाही

प्रश्न असा आहे: "एम.ए. इंग्रजी, बी.एड. झालंय. इचलकरंजीला राहते. मुलगी साडेतीन वर्षांची, तिच्यासाठी शाळेतली नोकरी सोडली. घरबसल्या ऑनलाइन इंग्रजी शिकवून महिन्याला २५ हजार सुटतील का? कुठल्या साइटवर नाव नोंदवू? परदेशी सर्टिफिकेट लागतं का? आणि नवऱ्याचा जुना लॅपटॉप चालेल का?"

आकड्यापासूनच सुरुवात करते. २५ हजार सुटतात. पहिल्या महिन्यात नाही, सहाव्यातही बहुतेक नाही, पण वर्षभर नेटानं केलं तर सुटतात. मी २०१६ पासून नाशिकहून हेच काम करते. पहिल्या महिन्यात माझ्याकडे एकच विद्यार्थी होता. आठ तास, तासाला २०० रुपये, म्हणजे झाले १,६००. त्यातल्या १,२०० चा हेडफोन घेतला. उरलेल्या ४०० वर घरात जे टोमणे ऐकले ते इथे लिहीत नाही.

साइटचा प्रश्न सगळे आधी विचारतात, म्हणून तो आधी उरकते. प्रेपली, आयटॉकी अशा साइटवर जगभरचे शिक्षक स्वतःचा दर लावून बसलेले असतात. मी प्रेपलीवर होते तेव्हा नव्या विद्यार्थ्याच्या पहिल्या, ट्रायल तासाचे सगळे पैसे कंपनीचे, आपल्याला शून्य. पुढच्या तासांवर कमिशन ३३ टक्क्यांपासून सुरू व्हायचं आणि तुमचे ४०० तास भरले की १८ टक्क्यांवर यायचं. आयटॉकीचं कमिशन तेव्हा १५ टक्के होतं. यात फसवणूक काही नाही, सगळं आधी लिहून दिलेलं असतं. पण तिथे तुमची स्पर्धा लंडनच्या बाईशी असते, कारण विद्यार्थ्याला "नेटिव्ह" हवा असतो. आणि मनिलातल्या मुलीशीही असते, जी उत्तम बोलते आणि दर तुमच्याहून कमी लावते. या दोघींच्या मध्ये इचलकरंजीच्या एम.ए. बी.एड.चा फोटो पानाच्या तळाशी कुठेतरी.

तरी नाव नोंदवायचंच असेल तर घड्याळ बघून नोंदवा. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. तिथला नोकरदार संध्याकाळी सातला शिकायला बसतो तेव्हा आपल्याकडे दुपारचे साडेतीन, म्हणजे मुलगी झोपलेली. सौदीत संध्याकाळचे सात म्हणजे आपले साडेनऊ, तेही जमतं. ब्राझीलला मात्र संध्याकाळचे सात म्हणजे आपले पहाटेचे साडेतीन. मी दोन महिने तेही करून पाहिलं. पैसे आले, पण दिवसभर डोकं जाग्यावर नसायचं.

एकाच कंपनीवर घर चालवू नका, हे मात्र ठासून सांगते. चीनमधल्या मुलांना ऑनलाइन इंग्रजी शिकवणारे हजारो अमेरिकन आणि कॅनेडियन शिक्षक होते, व्हीआयपीकिड ही त्यातली मोठी कंपनी. जुलै २०२१ मध्ये चीन सरकारनं शाळकरी मुलांच्या खासगी शिकवण्यांवर निर्बंध आणले आणि परदेशात बसलेल्या शिक्षकांकडून शिकवून घेणंच बंद केलं. बघता बघता त्या लोकांचं वेळापत्रक रिकामं झालं. माझ्या वाट्याला त्याची छोटी आवृत्ती आली होती. एका आपल्याच देशातल्या कंपनीकडे मी मुलांचे तास घेत होते. मुलगी तापानं फणफणलेली असताना एक तास रद्द केला तर दंड, आणि कंपनीनं गाशा गुंडाळला तेव्हा शेवटच्या महिन्याचे पैसे बुडाले ते बुडालेच. तेव्हापासून कंपनीचं काम म्हणजे लोणचं. ताटात असावं, पण त्यानं पोट भरायला जाऊ नये.

मग जेवण कुठून येणार? तुमच्या मराठीतून.

हे ऐकायला उलटं वाटेल, म्हणून सविस्तर सांगते. आपल्याकडे मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं २००० साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना. त्याआधी मराठी माध्यमात शिकलेल्यांना एबीसीडी भेटायची ती थेट पाचवीत. ती पिढी आज तिशीच्या पुढे आहे. त्यांतले कितीतरी सुपरवायझर झाले, नर्सिंगच्या इन्चार्ज झाल्या, स्वतःचं वर्कशॉप टाकून बसले. हातात पैसा आहे, कामात वाघ आहेत, आणि मीटिंगमध्ये इंग्रजी सुरू झालं की पाण्याची बाटली शोधायला लागतात. क्लासला जायची त्यांना लाज वाटते, कारण शेजारच्या बाकावर बारावीची पोरं असतात. लंडनच्या बाईसमोर तर तोंडच उघडत नाही. ही माणसं तुमची आहेत.

त्यांची चूक कुठून येते हे तुम्हाला आतून दिसतं, हा खरा फायदा. माझ्याकडे सातपूर एमआयडीसीतले एक सुपरवायझर होते. दर मंगळवारी जर्मन गिऱ्हाइकाशी कॉल. एकदा ते बोलले, "माय बॉस सेड दॅट आय विल सेंड द ड्रॉइंग." त्यांच्या मनात होतं: "साहेब म्हणाले की मी ड्रॉइंग पाठवतो." मराठीत "की" लावून आपण समोरच्याचं वाक्य जसंच्या तसं ठेवतो, तो "मी" साहेबांचाच असतो. इंग्रजीत मात्र तो "आय" बोलणाऱ्याला चिकटतो. जर्मन माणूस आठवडाभर या बिचाऱ्यांच्या ड्रॉइंगची वाट बघत बसला, आणि हे साहेबांच्या. इनडायरेक्ट स्पीचचे नियम त्यांना नववीत पाठ होते. ही एक गोष्ट मराठीतून दोन मिनिटांत उलगडून दाखवल्यावर चूक थांबली, आणि मग त्यांनी स्वतःच मागच्या चार मेल काढून तपासल्या.

असंच "मी इथे पाच वर्षं राहतो". मराठीत साधा वर्तमानकाळ पुरतो, म्हणून "आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स" तोंडात बसलेलं असतं. त्यात आपलं "पासून" एकच: सोमवारपासून आणि पाच वर्षांपासून. इंग्रजीला तिथे "सिन्स" आणि "फॉर" असे दोन शब्द लागतात. किंवा आपला "च". "मी ऑफिसातच आहे" याचं "आय ॲम इन ऑफिस ओन्ली" होतं, कारण जोर द्यायला आपण प्रत्यय लावतो आणि इंग्रज आवाज चढवतो. हे परदेशी शिक्षकाला चूक म्हणून ऐकू येईल, पण ती का होते हे त्याला कळणार नाही.

उच्चाराचंही तसंच. आपण एक "व" लिहितो आणि इंग्रजीतल्या दुसऱ्यासाठी "व्ह" जोडतो, पण तोंडातून दोन्ही बहुतेक एकसारखेच निघतात. आमच्या नाशिकला हे महागात पडतं. इथल्या एका वायनरीत पाहुण्यांना फिरवणारा मुलगा माझ्याकडे यायचा. द्राक्षाच्या वेलीवर हात ठेवून तो सांगायचा, ही बारा वर्षांची आहे. वेल म्हणजे "व्हाइन", पण त्याच्या तोंडून "वाइन"च निघायचं, आणि पाहुणे विचारायचे, मग चाखायला कधी देणार? त्याला मी मोबाइलचा कॅमेरा उलटा धरायला लावला. "व्हाइन"ला वरचे दात खालच्या ओठाला टेकलेले दिसले पाहिजेत, "वाइन"ला ओठांचा चंबू, दात दिसायचे नाहीत. दहा दिवस रोज पाच मिनिटं. जमलं.

असे गट शोधा. "स्पोकन इंग्लिश" असा बोर्ड लावलात तर समोर "३० दिवसांत फाडफाड इंग्रजी" हा बोर्ड आहेच, आणि तो तुमच्यापेक्षा स्वस्त आहे. केंब्रिजवाल्यांच्या अंदाजानं, भाषा किती येते हे मोजणाऱ्या युरोपीय पातळ्यांपैकी एका पातळीवरून पुढच्या पातळीवर जायला साधारण २०० तास लागतात. ३० दिवसांत काय होणार हे त्यावरून तुम्हीच ठरवा. मी विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी हा आकडा सांगते. दहातले तीन पळून जातात. उरलेले सात टिकतात, आणि फी टिकणाऱ्यांकडून येते.

२०० तास लागतात म्हणून माणसाला एक नेमकी गरज भागवून द्यायची. मंगळवारचा कॉल. मुलाखत. अमेरिकेत सहा महिने नातवंडांकडे निघालेले आजी-आजोबा, हा तर माझा लाडका गट. इमिग्रेशनच्या काउंटरवर काय विचारतील, दुकानात सुटे पैसे कसे मागायचे, आणि नातू "ग्रँडमा, धिस इज सो कूल" म्हणाला तर शाल आणायला धावायचं नाही. दीड महिन्याची बॅच, आणि फीसाठी एकही फोन करावा लागत नाही, कारण पैसे मुलगा पाठवतो.

परीक्षांचं काम जास्त फी देतं, पण अभ्यास मागतं. सांगली-कोल्हापूर पट्ट्यातून इंग्लंडला जाणाऱ्या नर्स तुम्हाला जवळच सापडतील. तिथल्या नर्सिंग काउन्सिलला आयईएलटीएसमध्ये ऐकणं, वाचणं, बोलणं यांत ७ आणि लिहिण्यात ६.५ बँड लागतो, किंवा ओईटी या आरोग्यसेवेतल्या लोकांच्या इंग्रजी परीक्षेत तीन भागांत बी आणि लिहिण्यात सी प्लस. ओईटीचं लिहिणं म्हणजे पेशंटच्या केस नोट्सवरून एक पत्र, ४५ मिनिटांत, त्यातली पहिली पाच नुसती वाचायला. कोणती माहिती गाळायची हे शिकवणं हेच तिथलं निम्मं काम. स्वतः दहा-पंधरा पत्रं लिहून बघितल्याशिवाय या कामाला हात घालू नका. विद्यार्थिनीची परीक्षेची फी मोठी असते, तिच्यावर आपला सराव करू नये.

आता हिशोब. माझा सध्याचा एकास-एक दर तासाला ५०० आहे, तुम्ही ४०० धरा, पण सुरुवात २५० पासूनच होईल. ४०० नं २५ हजारांना साडेबासष्ट तास लागतात. २६ दिवसांत वाटले तर रोज अडीच तासांच्या आत. इथपर्यंत सगळ्यांना गणित सोपं वाटतं. पण शिकवलेल्या दर तासामागे तयारी, वही तपासणं, व्हॉट्सॲपवर आलेले आवाजी निरोप ऐकणं, याला माझा अर्धा तास जातो. वर डेमो, फीची आठवण, आणि "मॅडम आज जमणार नाही". म्हणजे रोजचे चार तास धरा. आठवड्याला तीन तास घेणारे पाच विद्यार्थी पक्के मिळाले की २४ हजार होतात, पण पाचही जण पूर्ण महिना येतात असा महिना मला अजून भेटायचाय. लग्नसराई, दिवाळी, मे महिना, गणपती. कोकणातले विद्यार्थी गणपतीत नसतातच, फोनसुद्धा उचलत नाहीत. म्हणून एक छोटी बॅच हवी. सहा जण, दर माणशी १,५००, महिन्याला बारा तास, ९,००० रुपये. एक जण आला नाही तरी तास होतो आणि पैसे तुटत नाहीत. सहाच्या वर मात्र जाऊ नका. मी दहा घेतले होते, चौघं तीन महिने फक्त "गुड मॉर्निंग मॅम" म्हणाले.

फी सांगताना ताकाला जाऊन भांडं लपवू नका. "तुम्हाला काय योग्य वाटेल ते द्या" असं मी पहिलं वर्षभर म्हणायचे, आणि लोकांना जे योग्य वाटायचं ते खरंच द्यायचे. आता आठ तासांची फी आगाऊ, यूपीआयवर, आणि बारा तास आधी न कळवता रद्द केलेला तास झाला असं धरते. हे दोन नियम पहिल्या निरोपातच लिहून पाठवते. ज्याला ते खटकतात तो पुढेही खटकतो. नातेवाइकांच्या मुलांना फुकट शिकवणं हा स्वतंत्र विषय आहे. "तू घरीच तर असतेस" हे वाक्य आलं की मी संध्याकाळच्या बॅचची वेळ आणि फी सांगते, आणि चहा टाकते.

सर्टिफिकेटबद्दल. इंग्रजी शिकवणाऱ्यांसाठी केंब्रिजचं सेल्टा हे उत्तम, त्यात खऱ्या विद्यार्थ्यांसमोर सहा तास शिकवून दाखवावं लागतं, पण खर्च भारी. १२० तासांचं ऑनलाइन टेफल स्वस्त पडतं आणि परदेशी साइटवर अर्ज करताना उपयोगी पडतं. मराठी विद्यार्थ्यांपैकी मला आजवर कुणी एकानंही सर्टिफिकेट विचारलेलं नाही. तुमचं बी.एड. आहे, तेवढं पुरे. पहिली सहा महिन्यांची कमाई हातात आली की मग ठरवा. एक मात्र: उद्या पुन्हा शाळेत रुजू झालात तर शिक्षण हक्क कायद्याच्या २८व्या कलमानुसार शिक्षकांना खासगी शिकवणी घेता येत नाही, हे ध्यानात असू द्या.

शाळेची सवय एका बाबतीत आड येते. माझ्या सुरुवातीच्या एका तासाचं रेकॉर्डिंग, अर्थात विद्यार्थ्याला विचारून केलेलं, मी घड्याळ लावून ऐकलं. ४० मिनिटांत ३१ मिनिटं मीच बोलत होते. माणूस पैसे देऊन माझं इंग्रजी ऐकत होता. तेव्हापासून तो बोलत असताना तोडत नाही. चुका चॅटमध्ये टिपत जाते, शेवटची दहा मिनिटं त्यातल्या फक्त तीन घेते, आणि तीच वाक्यं त्याच्याकडून पुन्हा बोलवून घेते. बाकीच्या बारा चुका तशाच राहतात. शिक्षिकेला हे फार जड जातं. लाल पेन हातात नसलं की आपल्याला काम केल्यासारखं वाटत नाही.

लहान मुलांचे तास घ्यावेत का? घ्या, पण अर्ध्या तासाचे, आणि आई शेजारी बसून उत्तरं कुजबुजणार नाही या अटीवर. मी स्वतः आता घेत नाही. तिथे मुलाला शिकवावं लागतं आणि आईला सांभाळावं लागतं, फी एकाचीच.

पैशांची कागदपत्रं. परदेशातून पैसे आले तर पेपाल, वाइज, पेयोनियर अशा मार्गानं बँकेत येतात. दर वेळी मिळणारा रेमिटन्सचा दाखला जपून ठेवा. मिळकत रिटर्नमध्ये दाखवायची. जीएसटीची नोंदणी वर्षाला २० लाखांच्या वर गेल्यावर लागते, तेव्हा तूर्त तुम्हाला आणि मला निवांत झोप आहे. रिटर्न पहिल्या वर्षी गावातल्या सीएकडून भरून घ्या.

आणि "आधी २,००० रजिस्ट्रेशन भरा, मग विद्यार्थी देतो" असं म्हणणारा कुणीही, कितीही गोड बोलला तरी, फोन ठेवून द्यायचा. शिक्षकाकडून आगाऊ पैसे घेणारं काम खरं असल्याचं मी पाहिलेलं नाही. चुकून पैसे गेलेच तर लाजून गप्प न बसता लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

विद्यार्थी आणायचे कुठून, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण अडणार तिथेच. माझा पहिला विद्यार्थी नवऱ्याच्या मित्राचा मेहुणा होता. दुसरा त्यानं आणला. इचलकरंजीत यंत्रमाग आणि कापडाचा धंदा आहे, बाहेरच्या खरेदीदारांशी बोलणारी माणसं तुमच्या गल्लीत असतील. त्यातल्या एकाला गाठा, दोन तास फुकट शिकवा, आणि फक्त त्याच्या पुढच्या फोन कॉलची तयारी करून घ्या. तो कॉल बरा गेला की तो गप्प बसणार नाही. जाहिरातीवर मी आजवर एकूण ३,००० रुपये घातले, त्यातून दोन चौकशा आल्या, दोन्ही मुलांना फुकट डेमो हवा असलेल्या.

मुलगी साडेतीन वर्षांची आहे, तर तासांच्या वेळा तिच्या झोपेवर बसवा: सकाळी साडेसहा ते आठ, दुपारची झोप, रात्री साडेआठनंतर. कामावर जाणाऱ्यांना नेमक्या पहिल्या आणि शेवटच्या वेळाच हव्या असतात. ती मध्येच मांडीवर येऊन बसली तर बसू द्या, विद्यार्थ्यांना त्याचं काही वाटत नाही. त्यांच्याही मांडीवर कुणीतरी असतं.

राहिला लॅपटॉप. चालेल. बॅटरी गेलेली असेल तर बदलून घ्या, कारण तासाच्या मध्ये लाइट जाणारच, आणि राउटरसाठी मिळतो तो छोटा यूपीएस घ्या. मोबाइलचं हॉटस्पॉट दुसऱ्या कंपनीचं ठेवा. फुकटच्या झूमवर ४० मिनिटांनी मीटिंग तुटते. एकास-एक तासाला गूगल मीट बरं, तिथे दोघांना ती अडचण नाही. तीन किंवा जास्त माणसं असली की मात्र मीटलाही ६० मिनिटांची मर्यादा आहे. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर हवा, माझा लॅपटॉप अजूनही स्टीलच्या दोन डब्यांवर असतो, खालच्यात रवा. खिडकी समोर घ्या, पाठीमागे नको, नाहीतर चेहरा काळा दिसतो. हेडफोन वायरचाच घ्या. आणि सकाळच्या तासाला कुकर कोण लावणार, किती वाजता, हे घरात आधी ठरवून टाका. माझ्या सकाळच्या बॅचला अंक मोजायला माझ्या कुकरच्या शिट्ट्यांनी शिकवलंय.